व्हिप मतापुरता असतो: गोव्याच्या तीन खासदारांना खुले पत्र

प्रति,
मा. श्रीपाद नाईक, खासदार, उत्तर गोवा
मा. कॅप्टन विरियातो फर्नांडिस, खासदार, दक्षिण गोवा
मा. सदानंद शेट तानावडे, राज्यसभा खासदार, गोवा
आणि आपापल्या पक्षांच्या प्रदेश समित्या

सप्रेम नमस्कार.

गोव्याच्या विधानसभेत अनुसूचित जमातींसाठी जागा राखून ठेवण्याचे विधेयक लोकसभेत 5 ऑगस्ट 2024 रोजी मांडले गेले आणि 5 ऑगस्ट 2025 रोजी मंजूर झाले. बरोबर एक वर्ष. मध्ये हिवाळी आणि अर्थसंकल्पी अशी दोन अधिवेशने येऊन गेली. गावडा, कुणबी आणि वेळीप समाजांना अनुसूचित जमातीचा दर्जा 2003 मध्येच मिळाला होता. 2011 च्या जनगणनेत राज्यातल्या अनुसूचित जमातींची लोकसंख्या 1,49,275 भरली, तरी चाळीस जागांपैकी त्यांच्यासाठी राखीव अशी एकही नव्हती. एवढ्या वाट पाहण्यानंतर विधेयक चर्चेला आले तेव्हा लोकसभेत घोषणा चालू होत्या, आणि त्या गदारोळातच ते आवाजी मतदानाने हातावेगळे झाले. 11 ऑगस्टला राज्यसभेनेही ते मंजूर केले.

विधेयक झाले, चांगले झाले. आमचा प्रश्न आहे तो त्या मधल्या वर्षाबद्दल आणि त्या गदारोळाबद्दल. विधेयक कधी घ्यायचे, त्याला किती तास द्यायचे, पक्षातर्फे कोण बोलणार, मते नावानिशी नोंदवायची की नुसत्या आवाजावर सोडायची, हे ठरवणारे पदाधिकारी प्रत्येक पक्षाने संसदेत नेमलेले असतात. मतदारांना त्यांची नावे सहसा ठाऊक नसतात. गोव्यात एखाद्या खासदाराला अमुक विधेयकावर असे मत का दिले म्हणून विचारावे, तर ‘पक्षाचा व्हिप होता’ एवढे उत्तर मिळते आणि विचारणाराही गप्प बसतो. हे उत्तर कुठपर्यंत खरे आहे ते मांडण्यासाठी हे पत्र. व्हिप, म्हणजे मतदानाबाबतचा पक्षाचा आदेश, मतापुरता असतो. मताच्या आधीचे सगळे काम त्याच्या कक्षेबाहेर आहे, आणि तीन खासदारांच्या राज्याचे जे काही भले-बुरे व्हायचे ते बहुतांशी त्या आधीच्या कामातच होते.

पदांची ओळख आधी उरकून घेऊ. लोकसभेत सभागृह नेता म्हणजे पंतप्रधान. ते त्या सभागृहाचे सदस्य नसतील तर त्यांनी नेमलेला मंत्री. राज्यसभेत सध्या हे काम जे. पी. नड्डा पाहतात. विरोधी पक्षनेता हे मात्र वेतन आणि दर्जा असलेले, 1977 च्या कायद्याने मान्य केलेले पद आहे. विरोधातला सर्वांत मोठा पक्ष आणि त्याच्या नेत्याला अध्यक्षांची किंवा सभापतींची मान्यता, एवढ्या दोनच अटी त्या कायद्यात आहेत. दहा टक्के सदस्य हवेत ही अट त्यात कुठेही नाही. ती पहिले अध्यक्ष मावळंकर यांच्या काळापासूनच्या प्रथेतून आणि अध्यक्षांच्या निर्देशांतून आली. त्या प्रथेवर बोट ठेवून 2014 मध्ये 44 जागांच्या आणि 2019 मध्ये 52 जागांच्या काँग्रेसला लोकसभेतले हे पद मिळाले नाही. 2024 मध्ये 99 जागा आल्यावर राहुल गांधी यांना मिळाले. गंमत अशी की पर्वरीत, म्हणजे गोव्याच्या विधानसभेत, 40 पैकी 3 आमदार उरलेल्या काँग्रेसच्या युरी आलेमाव यांना विरोधी पक्षनेता म्हणून मान्यता मिळाली. साडेसात टक्के! दिल्लीत 52 म्हणजे साडेनऊ टक्क्यांहून अधिक, तरी पद नाही. प्रथा अध्यक्षांच्या हातात असते आणि अध्यक्ष कुठल्या तरी पक्षातून आलेले असतात, एवढे यातून कळले तरी पुरे. हे पद नुसते मानाचे नाही. सीबीआय संचालक, लोकपाल, दक्षता आयुक्त, माहिती आयुक्त, आणि 2023 च्या कायद्यापासून निवडणूक आयुक्त यांच्या निवड समित्यांत या नेत्याला जागा आहे. 2013 मध्ये कायदा होऊनही पहिला लोकपाल नेमायला मार्च 2019 उजाडला, त्याच्या कारणांत समितीत बसायला मान्यताप्राप्त विरोधी पक्षनेता नाही हेही एक सांगितले जात होते.

आता प्रतोद, म्हणजे पक्षाचा व्हिप काढणारा पदाधिकारी. गोव्याच्या दृष्टीने खरी चावी इथे आहे, म्हणून जरा थांबून लिहितो.

सरकारचा मुख्य प्रतोद म्हणजे संसदीय कार्यमंत्री. सध्या किरेन रिजिजू. सरकारी विधेयकांचा क्रम ते ठरवतात, आणि पुढल्या आठवड्यात कोणते सरकारी कामकाज येणार हेही सभागृहात तेच सांगतात. याशिवाय प्रत्येक पक्षाचा आपला मुख्य प्रतोद असतो. 1998 च्या एका कायद्याने अशा पदाधिकाऱ्यांना कार्यालय, टेलिफोन, सचिव अशा सोयी दिल्या. त्यासाठी लोकसभेत किमान 55 सदस्यांचा ‘मान्यताप्राप्त पक्ष’ किंवा 30 सदस्यांचा ‘गट’ लागतो. राज्यसभेत हेच आकडे 25 आणि 15. त्याखालच्या पक्षांनाही प्रतोद असतो, फक्त या सोयी मिळत नाहीत. 1996 मध्ये गोव्याने मगोचे (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष) रमाकांत खलप आणि युगोडेपाचे (युनायटेड गोवन्स डेमोक्रॅटिक पार्टी) चर्चिल आलेमाव यांना लोकसभेत पाठवले तेव्हा दोघेही आपापल्या पक्षाचे एकुलते एक खासदार होते. नेता तेच, प्रतोदही तेच. असा खासदार व्हिपच्या जाचातून सुटतो, पण बोलायला वेळ मिळतो तो ‘इतर’ या डब्यातून, शेवटी शेवटी, सभागृह रिकामे झाल्यावर. (खलप केंद्रात राज्यमंत्री झाले, ते आघाडी सरकारच्या गणितामुळे, ती वेगळी गोष्ट.) पुढे एखाद्या स्थानिक पक्षाचा खासदार दिल्लीला गेलाच तर त्याने हा हिशेब आधी करून ठेवावा.

प्रतोद जो आदेश काढतो त्याचे तीन प्रकार रूढ आहेत आणि मजकुराखालच्या रेघांवरून ते ओळखतात. एक रेघ: मतदान आहे एवढी सूचना, न आलात तरी चालेल. दोन रेघा: हजर राहा. तीन रेघा: हजर राहा आणि पक्ष सांगेल तसे मत द्या. तीन रेघांचा कागद आजकाल कसा असतो ते पाहण्यासारखे आहे. बहुतेकदा चार-पाच ओळी. अमुक तारखेला सभागृहात अत्यंत महत्त्वाचे कामकाज येणार आहे, तरी सर्व सदस्यांनी दिवसभर उपस्थित राहून पक्षाच्या किंवा सरकारच्या भूमिकेला पाठिंबा द्यावा, एवढाच मजकूर. विधेयकाचे नाव सहसा नसते. आज्ञा मोडल्यास काय होईल तेही नसते. सर्वोच्च न्यायालयाने 1992 च्या किहोटो होलोहान निकालात यावर दोन गोष्टी सांगून ठेवल्या आहेत. एक, अपात्रता ओढवणारा व्हिप सरकारवरील विश्वास-अविश्वासाच्या मतदानापुरता किंवा ज्या मोठ्या धोरणावर पक्षाने मते मागितली त्यापुरता असावा. दोन, मोडल्यास सदस्यत्व जाईल हे त्या आदेशात स्पष्ट लिहिलेले असावे. गेली तीस वर्षे कुठलाच पक्ष हे पाळत नाही, म्हणून ते विसरले गेले.

व्हिप मोडला की खासदारकी आपोआप जाते असा समज आहे. तसे होत नाही. दहाव्या अनुसूचीची, म्हणजे 1 मार्च 1985 पासून लागू असलेल्या पक्षांतरबंदीची, वाट अशी आहे: सदस्याने मत देण्याआधी पक्षाची परवानगी घेतली असेल तर प्रश्नच संपला. नसेल, तर पक्षाला माफ करायला मतदानापासून 15 दिवस असतात. माफ केले की नाही हे विधिमंडळ पक्षाच्या नेत्याने मतदानापासून 30 दिवसांच्या आत अध्यक्षांना विहित नमुन्यात कळवायचे असते. माफी नसेल आणि कुणी अर्ज केला तरच अध्यक्षांपुढे सुनावणी लागते, आणि सुनावणीला कायद्यात मुदत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये मणिपूरच्या प्रकरणात साधारण तीन महिने पुरेत असे म्हटले. ती मुदत किती पाळली जाते हे गोव्यातल्या वाचकांना आम्ही सांगायला नको.

तेव्हा पूर्वपरवानगी हा कायद्यातला उघडा दरवाजा आहे. म्हादई, खाण, बंदर, किनारा असा विषय आला आणि पक्षाची भूमिका गोव्याच्या मुळावर येत असली, तर खासदाराने मुख्य प्रतोदाला मतदानाआधी लेखी पत्र द्यावे: या या कारणासाठी मला या मतदानात तटस्थ राहण्याची परवानगी द्या. पक्ष नाही म्हणेल, बहुधा म्हणेलच. पण पत्र कागदावर राहील आणि नकारही. ‘माझा नाइलाज होता’ याला नंतर तोच एक पुरावा.

व्हिप कुठे पोचत नाही तेही सांगून टाकू. राष्ट्रपती आणि उपराष्ट्रपतींच्या निवडणुकीत व्हिप काढता येत नाही, मतदान गुप्त असते. राज्यसभेच्या निवडणुकीत आमदाराला मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावी लागते, पण विरोधात मत दिले म्हणून दहावी अनुसूची लागत नाही. संसदेच्या समित्यांत व्हिप चालत नाही, कारण अनुसूची बोलते ती सभागृहातल्या मतदानाबद्दल. प्रश्न विचारणे, शून्य प्रहरात विषय काढणे, दुरुस्ती सुचवणे, भाषण करणे हे काही मतदान नव्हे. अर्थात इथे एक खड्डा आहे. दुसऱ्या पक्षाच्या मंचावर चढलात, तर ‘स्वेच्छेने पक्ष सोडला’ हे वेगळे कलम अंगावर येते. राजीनामा न देताही नुसत्या वागणुकीवरून पक्ष सोडला असे मानता येते, हा 1994 चा निकाल गोव्यातूनच गेलेल्या रवी नाईक खटल्यातला. त्याच कलमाखाली डिसेंबर 2017 मध्ये शरद यादव आणि अली अन्वर यांचे राज्यसभा सदस्यत्व गेले. सभागृहात आपल्या राज्याच्या बाजूने, विधेयकातल्या विशिष्ट कलमावर बोलणे या खड्ड्याच्या जवळपासही येत नाही.

ब्रिटनमध्ये व्हिप मोडणाऱ्याला पक्ष आपल्या गटातून काढतो. जुलै 2024 मध्ये मजूर पक्षाने सात खासदारांना असेच बाहेर बसवले. खासदारकी मात्र त्यांच्याकडेच राहिली. आपल्याकडे खासदारकीच जाऊ शकते, म्हणून आपला व्हिप जास्त जड. तो फक्त विश्वासदर्शक आणि तशाच मतदानापुरता ठेवा, अशी शिफारस 1990 मध्ये दिनेश गोस्वामी समितीने केली आणि 1999 मध्ये विधी आयोगाने आपल्या 170 व्या अहवालात. काँग्रेसचे मनीष तिवारी यांनी त्यासाठी खासगी विधेयकेही मांडली. पुढे काही सरकले नाही. मोठ्या पक्षांच्या नेतृत्वाला ही व्यवस्था सोयीची आहे, ते ती हाताने सोडणार नाहीत. तोवर जे आहे त्यातून काय निघते ते पाहावे.

वेळेचा हिशेब घ्या. विधेयकाला किती तास द्यायचे हे लोकसभेत कामकाज सल्लागार समिती ठरवते. तिच्यात जास्तीत जास्त 15 सदस्य, अध्यक्षस्थानी लोकसभा अध्यक्ष. तास ठरले की पक्षाच्या संख्याबळाप्रमाणे वाटणी होते. 10 तासांच्या चर्चेत 543 सदस्यांना सरळ भागले तर माणशी 66 सेकंद येतात. गोव्याच्या दोघांचे मिळून सव्वादोन मिनिटेही होत नाहीत. प्रत्यक्षात वेळ माणशी मिळत नाही, पक्षाला मिळतो. एखाद्या विधेयकाला 3 तास मिळाले, तर 99 सदस्यांच्या पक्षाच्या वाट्याला साधारण 33 मिनिटे येतात. त्यातली 15 मिनिटे पहिला वक्ता, बहुधा उपनेता किंवा एखादा ज्येष्ठ वकील, घेऊन जातो. उरलेल्या 18 मिनिटांत तीन किंवा चार नावे. ही नावे कोण देते? प्रतोद. यादी अध्यक्षांकडे जाते आणि पुकारा साधारण तिच्याच क्रमाने होतो.

इथे काय बिघडते ते लहान राज्यांनी ओळखून असावे. चर्चेच्या दिवशी सकाळी प्रतोदाकडे गेलेल्याला जागा मिळत नाही, कारण उत्तर प्रदेश, महाराष्ट्र, केरळमधल्या सहकाऱ्यांनी आदल्या संध्याकाळीच नावे नोंदवलेली असतात. आणि ‘गोव्याबद्दल बोलायचे आहे’ एवढे सांगून भागत नाही. प्रतोदाला हवे असते कलम: अमुक कलमाने मुरगाव बंदराच्या कुठल्या अधिकारात काय बदल होतो, हे दोन ओळींत दिले तर तो चार मिनिटे देतो, कारण त्यातून पक्षाचाही मुद्दा होतो. विधेयकाची प्रत आली की त्याच रात्री ही टिपणी तयार करून देणारी दोन माणसे प्रत्येक खासदाराच्या पणजीतल्या कार्यालयात असायला हवीत. प्रदेश समित्यांनो, हे काम तुमचे. फलक आणि वाढदिवसांचे अंक याच्यापुढे थांबू शकतात.

मते नोंदवण्याचा भाग याहून महत्त्वाचा आहे आणि त्याकडे जवळपास कुणाचेच लक्ष नसते. आवाजी मतदानात कुणाचेही नाव कुठे लिहिले जात नाही. व्हिप मोडला का पाळला हे पक्षाला सिद्ध करता येत नाही, आणि आपला खासदार कुठे होता हे मतदारालाही कळत नाही. मोठ्या बंदरांच्या प्राधिकरणांचा कायदा घ्या, मुरगाव ज्याच्या खाली येते. 23 सप्टेंबर 2020 रोजी लोकसभेत तो आवाजी मतदानाने झाला. 10 फेब्रुवारी 2021 रोजी राज्यसभेत मतविभाजन झाले: 84 विरुद्ध 44. म्हणजे राज्यसभेत मतांची मोजणी झाली, लोकसभेत कोऱ्या पाटीवर काम भागले.

मतविभाजन मागण्याची रीत अशी. अध्यक्षांनी आवाजावरून कौल सांगितला की कुणाही एका सदस्याने तो मान्य नाही म्हणायचे. मग लॉबी मोकळ्या करायचा आदेश निघतो, साडेतीन मिनिटे घंटा वाजतात, दारे बंद होतात, प्रश्न पुन्हा मतास टाकला जातो. पुन्हा आव्हान दिले तर यंत्रावर किंवा चिठ्ठ्यांवर मते नोंदवली जातात. मागणी विनाकारण आहे असे अध्यक्षांना वाटले तर ते सदस्यांना जागी उभे करून नुसती डोकी मोजू शकतात, तेव्हा नावे राहत नाहीत. आणि सगळ्यात ठळक चूक: मागणी आपल्या आसनावरून करावी लागते. 20 सप्टेंबर 2020 रोजी राज्यसभेत शेतीविधेयकांच्या वेळी विरोधकांनी मतविभाजन मागितले. सदस्य आपापल्या जागी नव्हते, असे कारण उपसभापतींनी दिले आणि विधेयके आवाजी मतदानाने झाली. ते कारण बरोबर की चूक यावर खूप वाद झाला. पण हौद्यात, म्हणजे अध्यक्षांच्या आसनासमोरच्या जागेत, उतरून घोषणा देणाऱ्याच्या हातून नेमके हे हत्यार सुटते, एवढे त्यातून दिसते. 5 ऑगस्ट 2025 च्या गदारोळात गोव्याच्या विधेयकाचेही तेच झाले. विधेयकाला विरोध करायला मतविभाजन मागावे असे नाही. पाठिंबा नावानिशी नोंदवायलाही मागता येते.

घटनादुरुस्तीला ही अडचण नाही. तिला एकूण सदस्यांचे बहुमत आणि उपस्थित राहून मत देणाऱ्यांचे दोन तृतीयांश लागतात, म्हणून मते मोजावीच लागतात. एका मताची किंमत काय, हे 17 एप्रिल 1999 ला देशाने पाहिले. वाजपेयी सरकार 269 विरुद्ध 270 ने पडले. त्या दिवशी सैफुद्दीन सोझ यांनी आपल्या पक्षाचा आदेश झुगारला आणि पक्षाने त्यांना काढले. ओडिशाचे मुख्यमंत्री झालेले गिरिधर गमांग खासदारकीचा राजीनामा दिला नव्हता म्हणून मत देऊन गेले. गोव्याची तीन मते असा दिवस क्वचितच ठरवतील, पण कुठल्या बाजूला पडली ते मतदाराला कळण्याचा हक्क आहे.

आता तुम्हा तिघांची स्थिती एकसारखी नाही, ती वेगवेगळी मांडतो.

श्रीपादभाऊ, आपण केंद्रात राज्यमंत्री आहात. मंत्र्याला प्रश्न विचारता येत नाही, शून्य प्रहर आणि नियम 377 (सदस्याने सभागृहात विषय मांडण्याची तरतूद) त्याच्यासाठी नाहीत, विभागसंबंधित स्थायी समितीवर त्याला नेमता येत नाही आणि सरकारच्या विरोधात मत देणे तर सामूहिक जबाबदारीतच बसत नाही. म्हणजे पेडण्यापासून सत्तरीपर्यंतच्या मतदारांतर्फे प्रश्नोत्तराच्या तासात विचारणारे कुणी नाही. यात आपला दोष नाही, मंत्रिपदाची ती किंमत आहे. पण त्या बदल्यात आपल्याकडे जे आहे ते इतर दोघांकडे नाही: सरकारच्या मुख्य प्रतोदाशी सहकारी म्हणून बोलता येते. गोव्याचे विधेयक कोणत्या आठवड्यात, कोणत्या वाराला घ्यायचे, सभागृह शांत असण्याची शक्यता केव्हा, हे आपण सुचवू शकता. अनुसूचित जमातींच्या विधेयकाच्या वर्षभरात त्यासाठी काय केले गेले, ते आम्हाला वाचायला आवडेल.

कॅप्टन, लोकसभेत गोव्यातर्फे प्रश्न विचारू शकणारे तुम्ही एकटे आहात. दिवसाला 20 तारांकित (तोंडी उत्तराचे) आणि 230 अतारांकित (लेखी उत्तराचे) प्रश्न लागतात, क्रम सोडतीने ठरतो, पक्षाचा त्यात हात नसतो. एका दिवसासाठी सदस्याला 5 नोटिसा देता येतात. तोंडी उत्तराचा नाद सोडून अतारांकित प्रश्न नेमाने टाकले तर वर्षाच्या शेवटी आकड्यांचा गठ्ठा हाती येतो. उत्तर गोव्याचे प्रश्नही तुमच्याच नावावर जायला हवेत. मतदारसंघाची सीमा तिथे आड येत नाही, पक्षाची आली तर ते दुर्दैव.

तानावडेजी, राज्यसभेत आपण सत्तापक्षात आहात पण मंत्री नाही. ही जागा वरवर दिसते त्याहून कामाची आहे. प्रश्न विचारता येतात, विशेष उल्लेख करता येतो, आणि समितीत बसता येते. विभागसंबंधित स्थायी समित्या 24. प्रत्येकीत लोकसभेचे 21 आणि राज्यसभेचे 10 सदस्य. नेमणूक अध्यक्ष आणि सभापती करतात, पण नावे पक्षाच्या नेत्यांकडून आणि प्रतोदांकडून जातात, आणि मुदत एकच वर्ष. बंदर आणि पर्यटन परिवहन-पर्यटन-संस्कृती समितीकडे येते, म्हादई जलसंसाधन समितीकडे, खाण कोळसा-खाण-पोलाद समितीकडे, किनारा विज्ञान आणि पर्यावरणाच्या समितीकडे. दोन मोकळे खासदार आणि कामाच्या चार समित्या. दरवर्षी फेररचनेच्या आधी दोघांनी बसून दोन वाटून घेतल्या आणि आपापल्या प्रतोदाला तसे लिहून दिले, तर निदान अर्धा गोवा समितीच्या टेबलावर पोचेल. तिथे व्हिप नाही, कॅमेरे नाहीत, आणि अहवालाला वेगळ्या मताची टिपणी जोडता येते.

प्रदेश समित्यांशी दोन शब्द कडवट बोलावे लागतील. विधिमंडळ पक्ष आणि राजकीय पक्ष यातला फरक गोव्याने फार महागात शिकला. काँग्रेसचे आमदार भाजपात गेले: जुलै 2019 मध्ये 15 पैकी 10, सप्टेंबर 2022 मध्ये 11 पैकी 8. दोन तृतीयांशाचा आकडा दोन्ही वेळा काठोकाठ बसवलेला. 2019 मध्ये तर नेतृत्व करणारे खुद्द विरोधी पक्षनेते होते आणि ते उपमुख्यमंत्री झाले. 2003 च्या 91 व्या घटनादुरुस्तीने एक तृतीयांशाची फूट बंद केली, विलीनीकरणाची वाट ठेवली, ती ही. शिवसेनेच्या प्रकरणात 11 मे 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रतोद आणि गटनेता नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा, विधिमंडळ पक्षाचा नव्हे, असे स्पष्ट केले. म्हणजे प्रतोद कुणाच्या वतीने बोलतो याचे उत्तर आता आहे: पक्षाच्या वतीने. मग पक्षाने काढलेला आदेश पक्षाच्या मतदारांपासून झाकून का ठेवावा? मतदान उरकल्यावर त्या कागदात गुप्त असे काही उरत नाही. गोव्याच्या तीन खासदारांना मिळालेला प्रत्येक तीन रेघांचा व्हिप, तारीख आणि विधेयकाच्या नावासह, मतदानानंतर सात दिवसांत प्रदेश समितीने आपल्या फेसबुक पानावर टाकावा. सोबत एक ओळ: खासदार हजर होते की नाही, मतविभाजन झाले की आवाजी. याला कायदा लागत नाही, खर्च लागत नाही.

गोव्याचे नाव असलेले किंवा गोव्याच्या बंदर, नदी, खाण, किनाऱ्याला हात घालणारे विधेयक आले, तर तिघांकडून तीन गोष्टींची अपेक्षा आहे. लोकसभेत दुरुस्तीची नोटीस विचारार्थ येण्याच्या एक दिवस आधी पोचलेली असावी. उशीर झाला तर कुणीही हरकत घेऊ शकतो. वक्त्यांच्या यादीत नाव आले नाही तर प्रतोदाला दिलेल्या विनंतीची प्रत जाहीर करावी. आणि अंतिम मताच्या वेळी निदान एकाने आपल्या आसनावर बसून मतविभाजन मागावे, मग सभागृहात कितीही आरडाओरडा असो.

पुढच्या अधिवेशनाची तयारी समन्स, म्हणजे सदस्यांना अधिवेशनाचे बोलावणे, निघाल्यापासून सुरू होते. लोकसभेत मंत्रालयांचे पाच गट आणि आठवड्याचे पाच वार ठरलेले असतात, आणि प्रश्नाची नोटीस किमान 15 दिवस आधी द्यावी लागते. पावसाळी अधिवेशनाच्या पहिल्या आठवड्यात जलशक्ती मंत्रालयाला म्हादईवर विचारायचे असेल, तर नोटीस जूनअखेर किंवा जुलैच्या सुरुवातीलाच गेलेली असायला हवी. तेव्हा शेतकरी, मच्छीमार, ग्रामसभा, बार असोसिएशन यांच्याकडून प्रश्न मागवण्याची बैठक समन्स निघालेल्या आठवड्यातच घ्यावी, पणजीत एक आणि मडगावात एक. तारखा कळवा, आम्ही कागद घेऊन येतो.

आपले,
फोंडा, पणजी आणि मडगाव येथील काही मतदार, संसदीय कामकाजाचे अभ्यासक